चोवीस नंबरचं पाकीट

तारनाका, हैदराबाद
१२ जून १९९५

चि. उषास,

तारनाक्याहून नामदेवदादाचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत असं लिहिणार होतो, पण अर्धंच खरं आहे. मी ठीक. तुझ्या वहिनीचं पोट ठीक नाही. सहा महिने ती ओवा आणि काळं मीठ चघळत "गॅस आहे, गॅस आहे" म्हणत राहिली. शेवटी प्रणिता हाताला धरून आपल्या हॉस्पिटलात घेऊन गेली, तर पित्ताची पिशवी खड्यांनी भरलेली. आता पोट न फाडता, चार बारीक भोकं पाडून, दुर्बिणीतून पिशवी काढायची ठरलं आहे. तारीख २९ जून.

इथवर सोपं होतं. आता माझ्या मनात जे किडे वळवळताहेत ते लिहितो. तू भुलीची डॉक्टर आहेस आणि प्रणिताची आईही आहेस, तेव्हा दोन्ही चष्म्यांतून वाच.

तुझ्या लेकीचा एम.डी.चा प्रबंध तुला ठाऊकच आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला शिरेतून द्यायची भुलीची दोन औषधं, एक जुनं आणि एक नवं. कोणत्या पेशंटला कोणतं, ते चिठ्ठीवर ठरायचं. मार्चमध्ये एका रविवारी ती चाळीस चिठ्ठ्या आणि चाळीस खाकी पाकिटं घेऊन आमच्याकडे आली. चिठ्ठ्या तिने मिसळल्या. पाकिटांवर आकडे मी घातले, डिंक मी लावला, आणि सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. प्रत्येक पाकिटाच्या जोडावर कॉपिंग पेन्सिल ओली करून आडवी जांभळी रेघ मारली. पाकीट उघडून कोणी पुन्हा चिकटवलं तर रेघ जुळत नाही. चोर कितीही हुशार असला तरी जुळत नाही. प्रणिता हसली. म्हणाली, "मामा, हे मेडिकल कॉलेज आहे, मालधक्का नाही." मी म्हटलं, बाई, माणूस सगळीकडे सारखाच.

ती पाकिटं आता तुझ्या वर्गमित्राच्या, डॉ. अप्पारावांच्या कपाटात असतात. ऑपरेशनच्या वेळी तेच पुढच्या नंबरचं पाकीट बाजूने कापतात, आतलं वाचून सिरिंज भरतात आणि तिला पांढरा कागद गुंडाळतात, म्हणजे आत काय आहे ते कोणाला दिसू नये. प्रणिता बाहेर घड्याळ घेऊन बसते आणि पेशंट किती मिनिटांनी डोळे उघडतो, आपलं नाव कधी सांगतो, किती वेळा ओकतो ते टिपते.

मार्चमध्ये मला हे सगळं शहाणपणाचं वाटलं होतं. आता त्या रांगेत माझी बायको उभी आहे. औषधच द्यायचं तर सिरिंज झाकायची कशाला? आमच्याकडे माल झाकून नेणाऱ्याला आधी बाजूला घेत असत. शिवाय त्यांच्या खोलीत एक नवं भिंतीवरचं घड्याळ आहे, त्यावर नव्या औषधाचं नाव छापलेलं. कोणी दिलं विचारलं तर कंपनीचा माणूस, टाय लावून मोटारसायकलवर येतो म्हणे. हल्ली देशात सगळंच नवं येतंय. पेय नवं, गाडी नवी, टीव्हीवर बायका नव्या. आणि प्रत्येक नव्या वस्तूमागे एक टायवाला आहेच.

तर सरळ सांग. दोन्हींत बरं कोणतं? बरं कोणतं ते माहीत असेल तर चिठ्ठी कशाला, आणि माहीत नसेल तर माझ्या बायकोवर कशाला? तिने फॉर्मवर न वाचता सही करून टाकली. वाच तरी म्हटलं, तर म्हणते, "प्रणिताने विचारलं ना, झालं. पोरीचा अभ्यास होतो."

उत्तर लवकर दे.

नामदेवदादा


पुणे
१८ जून १९९५

ती. नामदेवदादांना,

उषाचा नमस्कार. पत्र पोचलं. एकदा हसले, एकदा रागावले, मग चहा घेऊन लिहायला बसले.

जुनं औषध थायोपेंटोन. पिवळसर पूड असते, ती पाण्यात विरघळवून देतात. आमच्या गुरूंच्या गुरूंपासून चालत आलेलं, भरवशाचं, पण उठल्यावर माणूस बराच वेळ जड राहतो आणि मळमळतं. नवं प्रोपोफॉल. दिसायला थेट दूध. त्यातून माणूस लवकर आणि स्वच्छ जागा होतो, कमी ओकतो, असं म्हणतात. हे "म्हणतात" आहे ना, त्यासाठीच प्रणिताचा सारा खटाटोप. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात हवा भरतात, त्यामुळे मळमळ आधीच जास्त. तिथे कोणतं औषध खरंच बरं ते आपल्याकडच्या बायकांवर, आपल्याकडच्या हवेत मोजून बघायला नको? ज्याला नवं आवडतं त्याला नव्याचे पेशंट हसतच उठलेले दिसतात. माझंही तसंच होईल. म्हणून सिरिंज झाकायची. आणि घड्याळ हे घड्याळच आहे, ते वेळ दाखवतं.

खरं तर पेशंटला आधी कळतं. नवं औषध शिरताना हातात आग आग होते. जुन्याने तोंडात लसणासारखी चव येते. पण तोवर तो झोपलेला असतो, बिचारा सांगणार कोणाला.

तुम्ही घाबरलात ते का, हे मला कळतं. सदुसष्ट साली वहिनींचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुमच्याच क्वार्टरमध्ये राहून शिकत होते. दोन दिवस त्या ओकत होत्या. टाके उसवले. तुम्हाला ओळखत नव्हत्या, मला "आई" म्हणत होत्या. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते. तेव्हाही जुनंच औषध होतं. त्या दोन दिवसांनीच मला भुलीच्या शास्त्राकडे ढकललं, हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

पण चिठ्ठी ती चिठ्ठी. तिला कोणी हात लावू शकत नाही, मीसुद्धा नाही. अप्पारावचा हात फार चांगला आहे. वहिनी हसत उठतील, हे मी तुम्हाला लिहून देते.

तुमची
उषा


तारनाका
४ जुलै १९९५

चि. उषास,

आशीर्वाद. तुझं लिहून दिलेलं खरं ठरलं. तुझी वहिनी सहा मिनिटांत डोळे उघडून म्हणाली, "कुकर बंद केलात का?" प्रणिताने ते वहीत लिहून घेतलं म्हणे. संध्याकाळी चहा प्यायली, दुसऱ्या दिवशी इडली. चार भोकांवर चार चिकटपट्ट्या, बास. मी देवापुढे नारळ ठेवला आणि तुझ्या नावाने एक साखरेची चिमूट.

आता दुसरी गोष्ट. ही फक्त तुला लिहितो आहे.

शेजारच्या खाटेवर साबेराबी नावाची बाई होती. तांडूरची. नवरा खाणीत शहाबादी फरशी फोडतो. तिचंही हेच ऑपरेशन, त्याच दिवशी, वहिनीच्या पाठोपाठ. ती बाई दुपार उलटली तरी डोळे उघडेना. उघडले तेव्हापासून ओकत राहिली. दुसरा दिवस अख्खा पोट दाबून ओकण्यात गेला. वहिनी स्वतःच्या पट्ट्या सांभाळत उठून तिचं कपाळ धरायची. ती म्हणायची, "तुम सो जाव अम्मा, मेरे को क्या, चलता." तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात पेज टिकली.

ठीक आहे, एकेकाची प्रकृती. पण माझे डोळे पार्सल ऑफिसचे. वापरलेली रिकामी पाकिटं प्रत्येकीच्या केसपेपरला टाचून ठेवलेली असतात. वहिनीचं तेवीस, साबेराबीचं चोवीस. तेवीस बघितलं. बाजूने कापलेलं, जोडावरची माझी रेघ जशीच्या तशी. मग सहज चोवीस बघितलं. तेही बाजूने कापलेलं, पण जोडावरची रेघ वरची वेगळी आणि खालची वेगळी. दोऱ्याएवढं अंतर. डिंक दोनदा लागलेला, पहिला पिवळा, वरचा पांढरा. उषा, ते पाकीट कापण्याच्या आधी कोणीतरी वाफेवर सोडवून पुन्हा चिकटवलं आहे.

त्या बाईची चिठ्ठी बदलली गेली. एका खाणकामगाराच्या बायकोची चिठ्ठी बदलून कोणाचं काय भलं होणार, ते मला अजून कळलेलं नाही. त्या टायवाल्याचा माझ्या मनात पहिला नंबर आहे. पण ज्याने केलं त्याला मी सोडणार नाही. तिला बिचारीला वाटतं, आपलं नशीबच तसं.

प्रणिता सकाळ-संध्याकाळ यायची, पण मी तिला बोललो नाही. तिला सांगू का? तू काय म्हणतेस ते कळव.

नामदेवदादा


पुणे
८ जुलै १९९५

ती. नामदेवदादांना,

नमस्कार. घाईत आहे, म्हणून थोडंच.

पाकिटाचं मनावर घेऊ नका. पावसाळी हवेत डिंक सुटतो. अप्पारावच्या कपाटाशेजारीच अवजारं उकळायचं यंत्र आहे, दिवसभर वाफ असते. एखादं पाकीट सुटलं असेल, कोणीतरी भल्या मनाने चिकटवलं असेल. ऑपरेशन थिएटर आणि पार्सल ऑफिस यांत फरक असतो.

प्रणिताला मात्र सांगू नका. नोव्हेंबरमध्ये प्रबंध द्यायचा आहे. ती फार मनाला लावून घेणारी मुलगी आहे, उगाच सगळ्यावर संशय घेत बसेल. कंपनीच्या माणसाचंही कोणाजवळ बोलू नका. नसती भानगड होईल.

साबेराबी आता कशी आहे? टाके काढायला आली का? तिची मळमळ पूर्ण थांबली असेल तर मला दोन ओळी लिहा.

उषा


तारनाका
१३ जुलै १९९५

उषा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा वहिनीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्याबद्दल काहीच लिहिलं नाही का?" मी म्हटलं, नाही.

इतक्या वर्षांत तुझं एकही पत्र असं आलेलं नाही. एरवी चार पानं लिहितेस आणि समासात आडवं लिहून पाचवं करतेस. या पत्रात वहिनीचं नाव नाही, आणि ज्या बाईला तू पाहिलेलंही नाहीस तिच्या मळमळीची चौकशी आहे. डिंकाला दोष देणाऱ्या माणसाला बाईची काळजी कशाला? आणि त्याच्या आधीच्या पत्रात, चिठ्ठीला कोणी हात लावू शकत नाही असं लिहून पुढच्याच ओळीत वहिनी हसत उठतील हे लिहून देतेस. हे मला तेव्हा कळलं नाही. मी तेव्हा हसलो होतो.

साबेराबी सोमवारी टाके काढायला आली होती. तिला विचारलं, झोपताना काय वाटलं? म्हणाली, "मुंह में लसन लसन हुआ, फिर कुछ याद नै." मग वहिनीला विचारलं. कोपरापर्यंत मिरची लावल्यासारखी आग झाली म्हणाली. म्हणजे तुझ्याच पत्रावरून, वहिनीला नवं मिळालं आणि तिला जुनं.

आता गणित सोपं आहे. चोवीस नंबर उघडून त्यातली चिठ्ठी कोणीतरी काढली आणि दुसरी घातली. काढलेली गेली कुठे? तेवीसच्या पेशंटकडे. तेवीसचं पाकीट कापायचंच होतं, म्हणून त्याचा जोड शाबूत. साबेराबीच्या वाट्याचं माझ्या घरात आलं आणि आमच्या वाट्याचं तिने भोगलं. मी चोर धुंडाळत तांडूरहून निघालो होतो, तो माझ्याच दारात येऊन उभा राहिलो.

आणि हे कोणी केलं तेही मला दिसतंय. वहिनीसाठी जीव टाकणारं त्या हॉस्पिटलात एकच माणूस आहे. मामी, मामी करत फिरते ती. सदुसष्टची गोष्ट तू तिला सांगितली असशील. तिने अप्पारावांची किल्ली मागितली असेल आणि आता आई लेकीवर पांघरूण घालते आहे. मला राग याचाच आला आहे. तिच्या प्रेमाचा नाही. पण त्या पोरीच्या प्रबंधावर तिची सही येणार, उद्या तो वाचून डॉक्टर लोक औषध ठरवणार, आणि त्यात चोवीस नंबरला एक बाई पडली आहे जिचं दुखणं तिचं नव्हतंच. असल्या कागदावर तिने सही केली तर ती जन्मभर कशावर सही करेल?

ती रविवारी जेवायला येते आहे. मी तिला तोंडावर विचारणार आहे.

नामदेवदादा


पुणे
१७ जुलै १९९५
कुरियरने

दादा,

तुमचं पत्र आज हाती आलं. काल रविवार झाला. तुम्ही विचारलं असेल. नसेल विचारलं तर विचारू नका, मी पाया पडते. प्रणिताला यातलं काहीच माहीत नाही. मी केलं.

अठरा जूनला तुम्हाला पत्र लिहून पेटीत टाकलं आणि पेटीशेजारच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. अप्पारावला सांगितलं, वहिनींना जुनं द्यायचं नाही. तो म्हणाला, मग तिला अभ्यासातून वगळू, तसा नियमच आहे, पूर्वी त्रास झालेल्या पेशंटला घेत नाहीत. ते सरळ झालं असतं. कोणाचंच काही गेलं नसतं. पण मग प्रणिताने विचारलं असतं, एक पेशंट का कमी झाला, आणि मामीची ती गोष्ट मला आजवर का सांगितली नाहीस. तिला आधीच पेशंट मिळत नव्हते. मी म्हटलं, वगळू नकोस, तेवढी एक चिठ्ठी बघून घे. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, तू मला तीस वर्षं ओळखतोस, मी कधी काही मागितलंय का? त्याने तेवीस कापून बघितलं, जुनं निघालं. चोवीस वाफेवर उघडलं, त्यात नवं होतं. दोन्हींची अदलाबदल केली, म्हणजे यादीत वीस आणि वीस राहावेत. त्याने मला नंतर फोनवर सांगितलं. त्या वेळी मला बरं वाटलं, दादा. खरंच बरं वाटलं. चोवीस नंबरला कोणी बाई आहे, तिला नाव आहे, ती तांडूरची आहे, हे तुमच्या पत्रातून कळलं.

चाळिसात एक चिठ्ठी इकडची तिकडे झाल्याने निकाल बदलणार नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. तरी तुम्हाला प्रणिताला सांगायचंच असेल तर एवढंच सांगा की अप्पारावच्या हातून चूक झाली. तिला लिहावंच लागलं तर "एका नातेवाइकाच्या विनंतीवरून" असं लिहू दे. माझं नाव तिच्यासमोर नको. तिने माझ्यामुळे हे शास्त्र निवडलं आहे.

उषा


तारनाका
२० जुलै १९९५

उषा,

तुझं कुरियर मंगळवारी आलं. दोन दिवस उशिरा.

रविवारी वहिनीने भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. मी दुसऱ्या भाकरीपर्यंत थांबलो आणि मग विचारलं. तेही नीट नाही. पार्सल ऑफिसात हमालाला विचारायचो तसं विचारलं, "चोवीस नंबर कोणी उघडलं?" तिला कळेचना. मी रेघेचं सांगितलं, लसणाचं सांगितलं, आगीचं सांगितलं. मग तिच्या ध्यानात आलं की मी तिलाच म्हणतो आहे. तिने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला आणि म्हणाली, "मामा, तुम्ही ज्या रेघा मारल्यात त्या मी कोणाला तोडू दिल्या असत्या असं तुम्हाला वाटलं?" आणि चपला घालून गेली. वहिनी जिन्यापर्यंत हाका मारत गेली, चार भोकांच्या पोटाने.

एकतीस वर्षांत मी एकाही माणसावर खोटा आळ घेतला नव्हता. घेतला तो घरच्या लेकरावर.

मंगळवारी संध्याकाळी ती स्वतःच आली. अप्पारावांकडे जाऊन आली होती. त्यांनी अदलाबदल कबूल केली, पण कोणाच्या सांगण्यावरून ते सांगेनात. म्हणाले, मी शब्द दिला आहे. तिने मला विचारलं, "मामा, तुम्ही सांगितलं होतं का?" ती आता माझ्यावर संशय घेत होती, आणि तिला तसा हक्क होता.

तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी ते काढून तिच्या हातात दिलं. तू नको म्हणाली होतीस. पण तिच्यावर एकदा खोटा आळ घेऊन झाला होता, त्यावर तिच्यापासून खरं लपवणं मला जमलं नसतं. तिने ते उभ्यानेच वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. "एका नातेवाइकाच्या" या शब्दांवर तिने बोट ठेवलं होतं, ते मी पाहिलं.

तुझी वहिनी काय म्हणाली तेही लिहितो, कारण ती स्वतः लिहिणार नाही. ती म्हणाली, "सदुसष्टचं मला काहीसुद्धा आठवत नाही. आठवतं ते उषाला. तिच्या भीतीचं औषध तिने त्या बाईला पाजलं." रागावली आहे. मी तिला चाळीस वर्षांत असं रागावलेलं पाहिलं नाही.

प्रणिताच्या प्रबंधाचं काय होणार ते ठाऊक नाही. ती उद्या तिच्या गाइडला भेटते आहे. तिला पुसून टाकायचं असतं तर ते सोपं होतं, केसपेपरची दोन पाकिटं फाडली की झालं. तिने ती जपून ठेवली आहेत.

नामदेवदादा


हैदराबाद
२ ऑगस्ट १९९५

आई,

मी तुझे दोन फोन घेतले नाहीत. हॉस्टेलच्या बाई तुझा निरोप देत होत्या. फोनवर मला रडू येईल म्हणून लिहिते आहे.

गाइड सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, तेवीस आणि चोवीस काढून टाक, दोन नवे पेशंट घे, कोणाला काही कळणार नाही. मी म्हटलं, सर, एक पाकीट उघडलं हे मामांनी रेघ मारली म्हणून कळलं. बाकीची कशावरून नाही उघडली? अप्पाराव सरांनी शपथ घेतली की नाही उघडली, आणि मला ते पटतंही, पण मला पटून काय उपयोग? ज्यांनी कपाटाची किल्ली ठेवायची त्यांनीच ते उघडलं होतं. सरांनी यादी पुन्हा पाहिली. मग म्हणाले, मग पहिल्यापासून करावं लागेल. म्हणजे आजवर झालेले सगळे पेशंट गेले आणि माझी परीक्षा सहा महिने पुढे गेली. बरोबरचे सगळे डिसेंबरमध्ये सुटतील, मी नाही.

विभागाच्या रजिस्टरमध्ये कारण लिहायचं होतं. मी लिहिलं की चिठ्ठ्यांचा क्रम संशोधकाच्या आईच्या सांगण्यावरून मोडला गेला. सर म्हणाले, "नातेवाईक" लिही, पुढे तुलाच त्रास होईल. तू पण तेच लिहिलं होतंस. पण आई, मी मामांसमोर ताटावरून उठले होते ते तू मामांना खरं न लिहिता मोघम लिहिलंस म्हणूनच. मी "आई" हाच शब्द ठेवला. तुझा राग येतो आहे आणि तुझी दयाही येते आहे. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते मला अजून जमत नाही.

मामा रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या फाटकापर्यंत येऊन परत जात होते, आत येत नव्हते. परवा मीच त्यांना आत बोलावलं. त्यांनी माफी मागितली. एवढ्या मोठ्या माणसाने माझी माफी मागावी हे मला आवडलं नाही, पण मी त्यांना थांबवलंही नाही.

आणि साबेराबीला मी सांगितलं. सर नको म्हणत होते. ती सोमवारी तपासणीला आली होती, तिची मुलगीही बरोबर होती. मी तिला बाकावर बसवून समजावलं की तुमच्या पाकिटात दुसरं औषध होतं, ते आमच्या मामीला गेलं, मामीचं तुम्हाला आलं, आणि मामीला पूर्वी फार त्रास झाला होता म्हणून हे माझ्या आईने करवलं. मला वाटलं, ती ओरडेल किंवा रडेल. तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "अम्मा को पहले तकलीफ हुई थी, तो डर लगा होगा ना तुमारी अम्मी को." मी म्हटलं हो. तर म्हणाली, "पूछ लेते तो मैं खुद दे देती थी. पूछे कायकू नै?"

याचं उत्तर तुला सुचत असेल तर मला लिहू नकोस, तिलाच लिही. तिला स्वतःला वाचता येत नाही, पण मुलगी सातवीत आहे, ती तेलुगू वाचते, आणि तुला इथे शिकताना आलेलं तेलुगू अजून विसरलं नसेल. पत्ता मी तिच्याकडून मागून घेतला आहे.

साबेराबी, नवरा दस्तगीर,
खाणवस्ती, रेल्वे फाटकामागे,
तांडूर, जि. रंगारेड्डी.

तुझी
प्रणिता